पंखा फुटेपर्यंत

वहिनींचा एक नेम होता. सकाळी उठल्यावर स्वतः पाण्याचा घोट घ्यायच्या आधी त्या खाली दुकानात जात आणि खिडकीतल्या कुंडीत भांडंभर पाणी ओतत. घर वरच्या मजल्यावर, दुकान खाली, आणि मधला लाकडी जिना इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला माघार घ्यावी लागे. एका हातात भांडं, दुसरा हात कठड्यावर, अशा त्या उतरत. पाय मुरगळला होता तेव्हाही पायरीपायरीवर बसत उतरल्या होत्या. नेमाबद्दल त्या कुणाशी बोलत नसत. बोलायचं काम त्यांचे यजमान करत. बसची नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी सगळा रस्ता त्यांना कंडक्टरच म्हणे. आमच्या घरात सकाळी पाणी विचारतात ते झाडाला, मी आपला रांगेत, असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

दुकान कपडे दुरुस्तीचं होतं. नवं काही शिवायचं नाही. कुणाची कंबर सैल करायची, कुणाची बाही आखूड, कुठे चेन बदलायची, कुठे उसवलेलं पुन्हा जोडायचं. माणसं बदलतात, कपडे बदलत नाहीत, त्या फरकावर आपलं पोट आहे, असं वन्सं म्हणत. वन्सं म्हणजे कंडक्टरांची थोरली बहीण. दोन मशीनपैकी दारालगतचं त्यांचं, खिडकीजवळचं वहिनींचं. वहिनी नणंदेला वन्सं म्हणतात हे ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही त्यांना वन्संच म्हणू लागली होती आणि वन्संनी कधी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. कपडे सोडून बाकी दुरुस्तीची त्यांना हौस नव्हती, जिभेने केलेली सोडून.

कुंडीतलं झाड लेकीने आणलेलं. लहानपणी चटकन पेट घ्यायची म्हणून वन्संनीच तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं आणि पुढे तिने कामही तसलंच धरलं. पुलांचे लोखंडी जोड तपासायचं. दोराला लटकून, बॅटरी लावून, जोडात कुठे केसाएवढी चीर आहे का ते बघायचं. आई कापडाची शिवण बघते, मी लोखंडाची, असं ती म्हणे. पण वहिनींनी तिसरं मशीन घेऊन ठेवलं होतं, भिंतीशी जागाही केली होती, आणि हे काम दूरच्या शहरात होतं.

ती निघाली त्या दिवशी वहिनी एका कोटाला काज करत होत्या. लेक पाठीवर पिशवी टाकून दारात उभी राहिली, तरी त्यांनी मान वर केली नाही. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. हळू बोलणाऱ्या बाईचा राग असाच असतो, तो दिसत नाही आणि म्हणून उतरलेलाही कळत नाही. ठिणगी थोडा वेळ थांबली. मग बाहेर जाऊन कोपऱ्यापलीकडच्या नर्सरीतून एक छोटी कुंडी घेऊन आली आणि आईच्या मशीनपाशी ठेवली. कुंडीत गवताच्या झुबक्यासारखी लांब, अरुंद पानं होती आणि मातीत खोचलेलं प्लास्टिकचं लेबल होतं: फॅन पाम. रोज पाणी. लहानपणी पानं गवतासारखी, पुढे पंखा.

"याला पहिला पंखा फुटला की येते," ती म्हणाली. "तोवर तुझा रागही जाईल."

वहिनी काजाचा शेवटचा टाका घालत होत्या. दोरा तोडून त्यांनी मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला.

सुट्टीच्या दिवशी फोन येई. जेवलीस का, दोर नीट बांधतेस का, बाबांचा गुडघा कसा आहे, वगैरे झालं की शेवटी ठिणगी विचारायची, "फुटला का पंखा?" वहिनी म्हणायच्या, "अजून नाही." पलीकडून "बरं" येई आणि फोन ठेवला जाई. पहिल्या वर्षी ही थट्टा होती. दुसऱ्या वर्षी सवय झाली. पुढे पुढे वहिनी फोन यायच्या आधीपासूनच त्याच्याजवळ येऊन बसायला लागल्या, पण ये असं त्या म्हणाल्या नाहीत. बोलावणं झाडाकडे सोपवलेलं होतं. त्यात दुसऱ्याने तोंड घालायचं म्हणजे नेम मोडणंच.

झाड वाढत होतं, पण भलतीकडे. पानं लांब होऊन खाली झुकली आणि बुडाशी खोड फुगायला लागलं, आधी लिंबाएवढं, मग मोठ्या कांद्याएवढं. वन्सं म्हणाल्या, वहिनी, याला दिवस गेलेत. वहिनींना मात्र ते पटलं. पंखा आत तयार होतोय, पोट त्याचंच आहे, असं त्यांनी मनाशी धरलं आणि हे एकदा धरल्यावर सगळंच जुळत गेलं. उशीर होतोय, कारण पंखा मोठा आहे. नवी पानं अरुंदच येतात, कारण सगळी ताकद पोटात जाते. कंडक्टरांनी एका जुन्या दुकानातून निळी चकचकीत चिनी मातीची कुंडी आणली, बाळंतिणीला खोली चांगली हवी म्हणाले, आणि झाड त्यात हलवलं. कुंडीच्या बुडाला भोक नव्हतं. कुणी पाहिलंही नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी खोडाचा फुगवटा एका बाजूने मऊ लागायला लागला. वहिनींनी अंगठ्याने दाबून पाहिलं. पिकलेल्या फळासारखा तो दबला. त्या दिवशी त्यांनी मारलेली टीप वाकडी गेली आणि ती त्यांनी उसवली नाही, हे वन्संनी पाहून ठेवलं. सुट्टीच्या दिवशी फोन आला, नेहमीचा प्रश्न आला आणि वहिनी म्हणाल्या, "आता फुटेल बहुतेक."

मग ठिणगी म्हणाली की ती रजेचं विचारून ठेवते.

रजा विचारली गेली आणि मिळालीही. महिन्याभराने पुलाचं काम संपायचं होतं, ते संपलं की लगेच यायचं. वहिनींनी वरची छोटी खोली झाडून घेतली. तिसऱ्या मशीनवरची चादर काढून तेल घातलं आणि पुन्हा चादर टाकली. दिवसातून दहादा कुंडीकडे बघायचं आणि बघत नसल्यासारखं दाखवायचं, असं सुरू झालं.

वन्संच्या मनात शंका आली ती एका रेशमी झग्यामुळे. एका गाणाऱ्या बाईंचा झगा घेर कमी करायला आला होता. वन्सं तो दोन्ही हातांवर घेऊन खिडकीशी उजेडात गेल्या, तर कापडाची कड झाडाच्या पानाला अडकली आणि एक धागा सर्रकन ओढला गेला. शिव्या वन्संना येत होत्या, पण आधी त्यांनी पान धरलं. बुडाकडून टोकाकडे बोट नेलं, गुळगुळीत. टोकाकडून बुडाकडे आणलं, करवतीसारखं खरखरीत. मखमलीची लव उलटी फिरवल्यासारखं. सुईने धागा आत ओढून घेतला आणि गप्प राहिल्या, हेच मुळात काळजीचं होतं.

दोन दिवसांनी दाढ काढायला त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. बसायच्या खोलीत कोपऱ्यात एक मोठा फॅन पाम होता, हाताएवढे पंखे फुटलेला, आणि शेजारच्या लहान कुंडीत त्याचीच पिल्लं, गवतासारख्या पानांची. वन्संनी पिल्लांची पानं चाचपली. गाल सुजलेला, तोंडात कापूस, अशाच त्या परत आल्या आणि मशीनपाशी उभं राहून, शब्द अर्धे गिळत, त्यांनी वहिनींना सांगितलं. पामच्या पानाला चुण्या असतात. कितीही अरुंद असो, कितीही कोवळं असो, बारीक प्लीट घातल्यासारख्या उभ्या चुण्या. पंखा उघडतो तो त्या चुण्यांवर. आपल्या झाडाच्या पानाला एक चुणी नाही. इस्त्री केलेली पट्टी आहे नुसती.

वहिनी म्हणाल्या, लेबलावर फॅन पाम लिहिलंय.

"लेबलावर मीडियम लिहिलेले कपडे आपण रोज उसवतो, वहिनी," वन्सं म्हणाल्या. दुखऱ्या तोंडाने त्यांना एवढंच लांब वाक्य जमलं.

वहिनींनी पुढचा कपडा ओढला. पण दुपारी वन्सं डुलकी घ्यायला वर गेल्यावर त्या खिडकीशी गेल्या आणि एक पान दोन बोटांच्या चिमटीत धरून सरकवत नेलं. आयुष्यभर या बोटांनी कापडाचा सरळ धागा, उलटी बाजू, लपलेली चुणी न बघता ओळखली होती. त्यांनी पान सोडलं आणि दुसरं धरलं. मग तिसरं. मग हात पदराला पुसले आणि कंडक्टरांना म्हणाल्या, अहो, ही कुंडी उचला जरा, नर्सरीपर्यंत जायचंय.

नर्सरी म्हणजे दोन इमारतींमधली लांबट जागा, वर हिरवी जाळी, खाली ओल्या विटा. नर्सरीवाल्या बाई रबरी बूट घालून पाइपाने पाणी मारत होत्या. त्यांनी आधी लेबल पाहिलं, मग झाड पाहिलं आणि लेबल आमचं आहे, झाडाचं सांगता येत नाही, असं म्हणाल्या. कंडक्टर म्हणाले, तिकीट तुमचं आणि प्रवासी दुसराच, असं चालत नाही बाई. बाईंना हसू आलं आणि मग त्या सरळ बोलल्या. पाइपाची धार लागली की लेबलं कुंडीतून उडतात. उचलायची आणि जवळच्या कुंडीत खोचायची. ओळीत सारखीच झाडं असली तर बिघडत नाही, पण टोकाच्या कुंडीशेजारी दुसरी ओळ सुरू होते. लहानपणी सगळीच गवत दिसतात.

त्यांनी वहिनींना खऱ्या फॅन पामच्या रोपांपाशी नेलं. वहिनींनी वाकून एका कोवळ्या पानावरून बोट फिरवलं. चुण्या होत्या, एकीला लागून एक, एखाद्या निष्णात शिंप्याने धावदोऱ्याने आवळून ठेवलेल्या असाव्यात तशा. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, मग हे काय आहे.

याला पोनीटेल पाम म्हणतात, बाई म्हणाल्या, पण पाम नाहीच, शतावरीच्या नात्यातलं आहे. कोरड्या मुलखातलं. बुडाशी फुगवटा आहे ना, ते पाणी साठवायचं पोट. महिना महिना पाणी नसलं तरी चालतं त्याला. आणि मग त्यांनी अंगठ्याने फुगवट्याची मऊ बाजू दाबली आणि चेहरा बदलून विचारलं, पाणी किती देता?

उत्तर कंडक्टरांनी दिलं. इतका वेळ त्यांच्याकडे एक तरी विनोद शिल्लक होता. तो त्यांनी केला नाही. रोज, एवढंच म्हणाले.

बाईंनी झाड कुंडीतून काढलं. खालची माती चिखल झाली होती, मुळं काळी पडली होती आणि वास येत होता. आधी मातीची साधी कुंडी होती आणि खिडकीचं ऊन होतं म्हणून इतकी वर्षं तगलं, या निळ्या भांड्याने घात केला, असं त्या म्हणाल्या. कंडक्टर निळ्या कुंडीकडे बघत राहिले. वाचेल का, याचं उत्तर बाईंनी खांदे उडवून दिलं. मग चूक आपल्याकडची आहे हे लक्षात ठेवून त्यांनी स्वतःहून एक तोड काढली. मागच्या रांगेतून त्यांनी एक फॅन पाम आणला. कमरेएवढा, ठणठणीत, आणि त्याच्या मधोमध नुकताच उघडलेला पहिला पंखा, चुण्यांवर चुण्या, कडेला अजून थोडा मिटलेला.

"बदलून घेऊन जा," त्या म्हणाल्या. "लेबलाला झाड मिळेल."

कंडक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी बायकोला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की यात खोटं काहीच नाही. लेबल तेच, पोरीने विकत घेतला होता तो फॅन पामच. तो आज हातात आला, एवढंच. पंखा फुटलाय, हे डोळ्यांसमोर दिसतंय. फोन कर, पोरगी येईल, जेवेल, झोपेल, जाईल. कुणाच्या बापाला कळणार आहे. बाप मी आहे आणि मी बोलणार नाही.

वहिनींनी पंख्याला हात लावला. पुष्कळ दिवस मनात पाहिला होता त्यापेक्षा तो लहान होता. इतका वेळ त्या बघत होत्या की नर्सरीवाल्या बाई पिशवी आणायलाही वळल्या.

"नको," वहिनी म्हणाल्या. "पाणी मी याला घातलंय."

मग बाईंनी सुरी घेतली. काळी मुळं कापली, फुगवट्याचा सडलेला भाग चमच्याने फळ कोरावं तसा कोरून काढला, खड्ड्यात कोळशाची पूड भरली आणि झाड वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. आठवडाभर असंच कोरडं ठेवा, मग वाळूमिश्रित मातीत लावा, आणि पाणी माती पार सुकल्याशिवाय नाही. वहिनींनी लेबल मागून घेतलं नाही. ते ओल्या विटांवर पडलं होतं, आणि निघताना वन्संना सांगण्यापुरता एक मजकूर कंडक्टर मनात जुळवत होते.

घरी आल्यावर त्यांनी तो बहिणीला सांगितला. वन्संनी मी म्हटलं होतं असं म्हटलं नाही. त्यांनी झाड घेतलं, जुन्या अस्तराच्या तुकड्यावर खिडकीत आडवं ठेवलं आणि वहिनींच्या वाटणीची इस्त्री करायला घेतली.

सुट्टीच्या दिवसाला अजून अवकाश होता. वहिनींनी कधी स्वतःहून फोन लावला नव्हता. त्या दिवशी लावला. ठिणगी कामावर होती. मागे वारा आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. काय झालं, बाबा ठीक आहेत ना, असं तिने एका दमात विचारलं. ठीक आहेत, वहिनी म्हणाल्या, मला झाडाचं सांगायचंय.

"फुटला?"

"नाही. फुटणार नाही. ते फॅन पाम नाहीच. लेबल चुकलं होतं." मग त्यांनी सगळं सांगितलं, चुण्यांचं, पाइपाच्या धारेचं, काळ्या मुळांचं. रोज पाणी घालून मीच ते सडवलं, हेही सांगितलं. इतकं सलग त्या फोनवर कधी बोलल्या नव्हत्या.

मागचा वारा थांबला. ठिणगी कुठेतरी आडोशाला गेली असावी. ती म्हणाली, "म्हणजे मी यायचं नाही?"

"असं कधी म्हटलं मी?"

"दर वेळी म्हणायचीस. मी विचारायचे, तू अजून नाही म्हणायचीस. मला वाटायचं, राग गेला नाही अजून."

वहिनी खिडकीतल्या झाडाकडे बघत होत्या. मला राग आलाच नव्हता, असं त्या आजवर सगळ्यांना सांगत आल्या होत्या आणि ते वाक्य आताही जिभेवर तयार होतं.

"होता राग," त्या म्हणाल्या. "कधी गेला ते कळलं नाही. मी झाडाकडेच बघत राहिले. तू ये."

"पंख्याशिवाय?"

"पंख्याशिवाय ये."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला; वरती फार गारठा आहे असं ठिणगीने सांगितलं आणि ते वहिनींनी मानून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी भांडं भरून जिना उतरल्या. अर्ध्या जिन्यात त्यांच्या लक्षात आलं. पुढे जाण्यात अर्थ नव्हता आणि पाणी घेऊन परत वर जाणं बरं दिसेना, म्हणून त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि भांडं तोंडाला लावलं. वरून कंडक्टरांनी विचारलं, आज रांग पुढे सरकली वाटतं.

नेम त्यांनी सोडला नाही, बदलला. झाड वाळूत लावल्यापासून त्या रोज सकाळी खाली जात, माती बोटाने दोन पेरं खोल चाचपत, ओल लागली की हात पुसून वर येत आणि मग पाणी पीत. ओल रोजच लागे. काही न देता परत यायचं हे त्यांना जड जाई, असं वन्संचं मत होतं.

ठिणगी आली ती ठरल्या दिवशी, दुपारी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना. केस कापलेले, हाताला गंजाचे नवे डाग, भाजल्यासारखे. वन्सं म्हणाल्या, आलीस का गं जळक्या हाताची, आणि तोंडात धरलेल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या. वहिनी उठल्या. या वेळी हातात एका कोटाची बाही होती, ती त्यांनी मध्येच टाकली. सुई तिच्यातच राहिली.

सगळ्यांच्या भेटी झाल्यावर ठिणगी खिडकीशी गेली. झाडाची निम्मी पानं पिवळी होऊन गळली होती, उरलेली हिरवी होती. तिने खाली बसून, पुलावरचा जोड बघावा तसा, खोडाचा फुगवटा सगळ्या बाजूंनी पाहिला आणि कोरलेल्या जागेच्या कडेने अंगठा दाबत नेला.

"इथे अजून मऊ आहे, आई."

"आहे."

"धरेल का?"

वहिनींनी तिच्या अंगठ्याशेजारी आपलं बोट टेकवलं. "बघू," त्या म्हणाल्या. "तू किती दिवस आहेस?"